ऑगस्ट रोझेल : अमीबाचे पहिले चित्रकार

अमीबाची आकृती आपल्यापैकी बहुतेकांनी शालेय वहीत कधी ना कधी काढली असेल. वेडीवाकडी कड, आत केंद्रक, बाजूला रिक्तिका. कड कशीही वळली तरी आकृती सहसा चुकत नसे. या जीवाचे चित्र व वर्णन जगापुढे प्रथम ठेवणारे ऑगस्ट योहान रोझेल फॉन रोझेनहोफ हे पेशाने चित्रकार होते.

जर्मनीतील आर्नश्टाट या गावाजवळ १७०५ साली त्यांचा जन्म झाला. चित्रकलेचे प्राथमिक धडे त्यांनी चित्रकार असलेल्या आप्ताकडे गिरवले, पुढील शिक्षण न्यूरेंबर्ग येथे घेतले आणि काही काळ कोपनहेगनला काम केले. परतताना हॅम्बुर्ग येथे ते आजारी पडले. त्या मुक्कामात मारिया सिबिला मेरियन या विदुषीचा सुरिनाममधील कीटकांवरील सचित्र ग्रंथ त्यांच्या हाती आला. आपल्या देशातील कीटकांवर असेच काम करावे, ही इच्छा तेव्हापासून त्यांच्या मनात रुजली.

न्यूरेंबर्गला स्थायिक झाल्यावर लहान आकाराची व्यक्तिचित्रे काढून ते चरितार्थ चालवीत. उरलेल्या वेळात अळ्या गोळा करून घरी वाढवाव्यात, त्यांची स्थित्यंतरे पाहावीत आणि ताम्रपटावर कोरावीत, हा त्यांचा क्रम. यातूनच कीटकांवरील त्यांची ग्रंथमाला सिद्ध झाली. बेडकांवरील त्यांचा ग्रंथही तितकाच नावाजला गेला.

१७५५ साली या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात एक विलक्षण जीव अवतरला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ना डोके, ना पाय, ना ठरलेला आकार. ज्याची सारी हयात आकार टिपण्यात गेली, त्या चित्रकाराची ही कसोटीच होती. रोझेल यांनी एकाच जीवाची बदलती रूपे शेजारी शेजारी रेखाटली आणि रूपे पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेवरून त्याला लहान प्रोटियस म्हटले. १७५९ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे काम जावई क्लेमान यांनी पुढे नेले. बदल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अमीबा हे नाव रूढ झाले, ते एकोणिसाव्या शतकात.

रोझेल यांना दिसलेल्या हालचालींमागील कार्यकारणभाव पुढे उलगडत गेला. पेशीद्रव पुढे वाहते, छद्मपाद फुटतात आणि अमीबा सरकतो. तेच छद्मपाद भक्ष्याला वेढून आत घेतात; अन्नरिक्तिकेत त्याचे पचन होते. गोड्या पाण्यात राहिल्याने शरीरात सतत शिरणारे पाणी संकोची रिक्तिका बाहेर टाकत राहते. ती थांबली, तर पेशी फुगून फुटेल. वाढ पूर्ण झाली की केंद्रक विभागते आणि एकाचे दोन जीव होतात. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशीही याच रीतीने सरकून रोगजंतूंना गिळतात.

आकार नसलेल्या जीवावर रोझेल यांनी स्वतःच्या सोयीचा आकार लादला नाही. जे दिसले, ते जसे बदलले तसेच त्यांनी काढले. त्यांच्या चित्राचे मोल यातच आहे.