कॉलिन मॅकेन्झी

कॉलिन मॅकेन्झी (इ.स. १७५४ - ८ मे, इ.स. १८२१) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अभियंता, नकाशाकार आणि भारताचे पहिले सर्व्हेयर जनरल होते. स्कॉटलंडमधील स्टॉर्नोवे येथे जन्मलेले मॅकेन्झी इ.स. १७८३ मध्ये मद्रासला आले.

कावेरीच्या बेटावरील श्रीरंगपट्टणाच्या दोन्ही वेढ्यांत ते होते. इ.स. १७९२ च्या वेढ्याच्या वेळी हरिपंत फडके यांची मराठी फौजही इंग्रजांच्या बाजूने तेथे होती. इ.स. १७९९ मध्ये वेढा घालणाऱ्यांना तटाइतकीच नदीची चिंता होती, कारण पावसाळ्यात कावेरी दुथडी भरल्यावर हल्ला अशक्य होता. त्यामुळे अशा वेढ्याच्या नकाशात बुरूज व मोर्चे यांच्याइतकेच नदीचे पात्र आणि उतार महत्त्वाचे ठरत. ४ मे रोजी सैन्य पात्र ओलांडून वायव्येकडील खिंडारातून आत शिरले. टिपू सुलतान लढताना मारला गेला.

पुढे म्हैसूरच्या सुमारे ४०,००० चौरस मैल प्रदेशाची मोजणी मॅकेन्झींकडे आली. अंतरांबरोबरच त्यांनी शिलालेख, हस्तलिखिते व गावोगावच्या कैफियती जमवल्या. त्यांत मराठी कागदपत्रेही आहेत. त्यांना स्वतःला देशी भाषा फारशा अवगत नव्हत्या. हा संग्रह त्यांच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याचा पाया कवली व्यंकट बोरय्या यांनी घातला. इ.स. १८०३ मध्ये बोरय्या वारल्यावर त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांनी ते काम चालू ठेवले. इ.स. १८१५ मध्ये सर्व्हेयर जनरल झालेल्या मॅकेन्झींना संग्रहाची सूची पूर्ण करता आली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने तो त्यांच्या पत्नीकडून विकत घेतला.