जकातदाराचा कालवा



लूर्दमातेच्या यात्रेला जाताना तुलूज शहरावरून जाण्याची वाट सोयीची आहे. तुलूजहून भूमध्य समुद्राच्या दिशेने गाडीने सुमारे दोन तास गेले की बेझिए हे जुने गाव लागते. ऑर्ब नदीच्या काठी उंच टेकडीवर संत नाझेर यांच्या नावाचे कॅथेड्रल दुरूनच दिसते. गाव रोमन काळाच्याही आधीचे. २२ जुलै १२०९ रोजी, मारिया माग्दालेनाच्या सणादिवशीच, पाखंड मोडण्यासाठी आलेल्या धर्मयोद्ध्यांच्या फौजेने येथे सरसकट कत्तल केली. माग्दालेनाच्या देवळात आसऱ्याला गेलेले लोकही त्यातून वाचले नाहीत. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे काळे पान आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण आज सांगायची आहे ती या गावात चारशे वर्षांनी जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट. गावातल्या झाडांच्या रुंद रस्त्याला त्याचे नाव आहे आणि तिथेच १८३८ पासून त्याचा पुतळा उभा आहे.

पिअर-पॉल रिके हे त्याचे नाव. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बेझिएतील एका खात्यापित्या घरी तो जन्मला. तो इंजिनिअर नव्हता, शास्त्रज्ञ नव्हता. त्याचा धंदा मिठावरचा कर वसूल करण्याचा.

हा धंदा काय होता ते आधी समजून घेऊ या. फ्रान्सचा राजा करवसुलीचा मक्ता देत असे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारला भरायची आणि मग लोकांकडून वसूल करायची. वर जे सुटेल ते त्याचे. मिठाविना ना भाकरीला चव, ना मासळी-मांस टिकणार. त्यामुळे या करातून गरिबातला गरीबही सुटत नसे. १९३० सालचा दांडीचा सत्याग्रह ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना मिठावरच्या कराचा जाच वेगळा समजावून सांगायला नको. रिके लांगदोक प्रांताचा मोठा मक्तेदार बनला. पुढे शेजारच्या रूसियों प्रांताचा मक्ताही त्याच्याकडे आला. तिथल्या डोंगरी लोकांवर हा कर १६६१ साली नव्याने लादला गेला, तेव्हा त्यांनी हत्यारे उचलली. तो उठाव कित्येक वर्षे धुमसत राहिला आणि त्यात पुष्कळ रक्त सांडले. आपल्या शुभवर्तमानातील मत्तय आणि जक्कय यांचाच हा भाऊबंद म्हणा. फरक एवढाच की जक्कयाने अर्धी मालमत्ता गोरगरिबांना दिली, रिकेने तसे काही केले नाही. त्याने तुलूजजवळ बाँरपो येथे वाडा घेतला आणि तो श्रीमंतीत राहू लागला.

मात्र मिठाच्या वसुलीसाठी प्रांतभर फिरताना त्याला माल वाहण्याचे हाल दिसत. फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर, दक्षिणेला भूमध्य समुद्र. एकातून दुसऱ्यात जायचे तर गलबतांना स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे सुमारे तीन हजार किलोमीटरचा फेरा पडे. वर वादळे आणि चाचे. तुलूजची गारोन नदी अटलांटिकला मिळते. तेव्हा तुलूजपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालवा खणावा, ही कल्पना तशी जुनीच होती. राजा पहिला फ्रान्सिस याच्या काळापासून तिची चर्चा होती. घोडे अडत होते ते पाण्यापाशी. मध्ये नोरूझ येथे जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच होते. तिथे पडलेला पाऊस एका बाजूने अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूने भूमध्य समुद्राकडे वाहतो. कालवा हा चढ ओलांडणार, तर त्याला पाणी याच माथ्यावर मिळायला हवे. नाही तर दोन्ही उतारांवर तो कोरडाच.

नोरूझच्या झऱ्याचे पाणी एका दगडाला अडून दोन्हीकडे वाहताना पाहून रिकेच्या डोक्यात प्रकाश पडला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, उत्तर त्याने शोधले ते चालून. उत्तरेला काळा डोंगर नावाची पावसाची रांग आहे. तिच्या ओढ्यांचे पाणी पाटाने वळवून नोरूझला आणायचे, असे त्याने ठरवले. यात त्याला रेव्हेल गावचा पिअर काम्पमास नावाचा पाणवठ्यांचा कारागीर भेटला. ओढ्यांची नाडी त्याला ठाऊक होती. रिकेचा मोठेपणा मला इथे दिसतो. लाखोंचा मक्तेदार असून अशा माणसाच्या मागोमाग तो डोंगर तुडवत हिंडला आणि त्याचे ऐकले.

राजदरबारात शिरकाव व्हायला मात्र ख्रिस्तसभेचा हात लागला. तुलूजचे आर्चबिशप आंग्ल्यूर द बुर्लमों यांनी हा बेत उचलून धरला. त्यांच्या पाठबळावर रिकेने नोव्हेंबर १६६२ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहिले. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले. या वयात आपल्याकडे माणसे मुलांवर धंदा सोपवून ओटीवर बसायचा विचार करतात! कोल्बेरने चौकशी नेमली. तज्ज्ञांना शंका होत्या. तेव्हा रिकेने १६६५ साली स्वतःच्या खर्चाने चाचणीचा पाट खणून डोंगराचे पाणी खरोखर नोरूझला आणून दाखवले. पुढच्याच वर्षी राजाचा हुकूम निघाला.

कामाला १६६७ मध्ये सुरुवात झाली. काळ्या डोंगराच्या पायथ्याशी सँ-फेरेओल येथे मातीचे नि दगडाचे धरण बांधले: लांबी सुमारे ७८० मीटर, साठा साठ लाख घनमीटरहून अधिक. त्या काळी युरोपात एवढे धरण म्हणजे अचंबाच. मजूर वाढत वाढत बारा हजारांपर्यंत गेले. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि पिरेनीज डोंगरातून आलेल्या बायकांना गावाकडे पाट काढून पाणी फिरवण्याची पिढीजात सवय होती. मजुरी मोजताना मात्र तीन बायका दोन पुरुषांबरोबर धरत. हा हिशेब आजही आपल्या ओळखीचाच वाटेल.

रिकेने मजुरांना महिन्याचा पगार लावला, १० लिव्हर. आणि पावसामुळे काम बंद असेल तो दिवस, आजारपणाचा दिवस, सणाचा दिवस आणि रविवार, या सर्व दिवसांची मजुरी कापायची नाही असा नियम केला. सतराव्या शतकात हे ऐकलेले नव्हते. त्याच्या मनात दया होती म्हणून, असे मी म्हणणार नाही. सुगीला माणसे शेताकडे पळत आणि काम अडे, हेही कारण होतेच. पण पोट भरण्यासाठी रविवारी राबावे लागू नये, ही गोष्ट हजारो घरांना मिळाली. मिठाच्या करातून गरिबांच्या खिशातून गेलेल्या पैशातला थोडा तरी अशा वाटेने गरिबांच्या चुलीपर्यंत परत आला. हिशेब त्याने फिटला का? धर्मगुरू म्हणून मला हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो, आणि मला वाटते की फिटला नाही. रूसियोंच्या डोंगरी लोकांना त्या मजुरीतले काय मिळाले?

कालवा चढ-उतार ओलांडतो तो लॉकच्या साहाय्याने. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. होडी आत घ्यायची, दरवाजा लावायचा, पाणी सोडून तिला वर उचलायची किंवा पाणी काढून खाली उतरवायची. सुरुवातीला सरळ भिंतींचे लॉक मातीच्या दाबाने ढासळले. म्हणून रिकेने भिंती बाहेरच्या बाजूला कमानीसारख्या फुगीर केल्या. बेझिएला गेलात तर फॉन्सेरान येथे आठ लॉक जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक पाहायला मिळतात. जवळजवळ ३०० मीटरात होडी साडेएकवीस मीटर उतरते. हे काम मेदाय नावाच्या दोघा भावांनी केले आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते असे सांगतात. त्याकाळी होड्यांना खाली उतरून ऑर्ब नदीच्या पात्रातूनच जावे लागे. नदीवरून कालवा नेणारा पूल १८५८ साली झाला.

बेझिएच्या थोडे अलीकडे, तुलूजच्या बाजूला, मालपाचा बोगदा आहे. आंसेरूनच्या टेकडीचा दगड ठिसूळ निघाला, विरोधकांनी दरबारात बोंब केली, आणि काम थांबवण्याचा हुकूम आला. रिकेने गुपचूप खणणे चालू ठेवले आणि आठवड्याभरात आरपार वाट काढली, अशी हकीकत आहे. दिवस कितीही लागले असोत, १६८० पर्यंत सुमारे १६५ मीटरचा बोगदा तयार झाला. होड्यांसाठी खणलेला जगातला हा पहिला बोगदा. त्याच टेकडीत खाली तेराव्या शतकातला, तळ्याचे पाणी काढण्याचा बोगदा आहे, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वेनेही तिथूनच आपली वाट काढली.

पैशाचे हाल शेवटपर्यंत संपले नाहीत. एकूण खर्चातला सुमारे पाचवा हिस्सा रिकेच्या पदरचा. मुलींच्या हुंड्यासाठी ठेवलेले पैसेही त्याने कालव्यात घातले असे सांगतात. कोल्बेरला संशय येऊ लागला की हा माणूस मिठाचे सरकारी पैसे इकडे वळवतो आहे. संशय अगदीच निराधार नसावा; एकाच माणसाच्या हाती वसुली आणि खर्च दोन्ही असले की असे व्हायचेच. बायको-मुलांना त्या काळात काय वाटले असेल?

१ ऑक्टोबर १६८० रोजी तुलूजला रिके वारला. काम अगदी थोडे राहिले होते. मागे वीस लाख लिव्हरहून जास्त कर्ज होते. उरलेले काम मुलाने पुरे केले. मे १६८१ मध्ये पहिल्या होड्या तुलूजहून निघाल्या, नार्बोनचे आर्चबिशप, कार्डिनल बोंझी हे त्या सोहळ्याला होते. कालव्याची जकात घेण्याचा हक्क राजाने रिकेच्या वंशाला दिला होता, तरी त्यातून घराण्याला प्रत्यक्ष नफा दिसायला १७२४ साल उजाडले.

आज सुमारे २४० किलोमीटरच्या या कालव्यावर मालाचे पडाव चालत नाहीत, सहलीच्या होड्या चालतात. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. काठावरची चिनाराची झाडे बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा रोग लागल्याचे आढळले आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडून दुसऱ्या जातीची लावावी लागली.

रिकेची कबर बेझिएत नाही. तुलूजच्या संत स्टीफन कॅथेड्रलमध्ये एका प्रचंड खांबाच्या पायथ्याशी ती आहे. लूर्दच्या वाटेवर तुलूजला दोन तास मिळाले तर तिथे जाऊन त्याच्यासाठी एक प्रार्थना करा, आणि एक त्या मीठ विकत घेणाऱ्यांसाठीही.