वीर वैमानिक इंद्रलाल रॉय



आपल्या कोलशेतला हवाई दलाचं स्टेशन आहे. त्यामुळे निळ्या गणवेशातले जवान आपल्याला नवे नाहीत. भारतीय हवाई दल १९३२ साली स्थापन झालं. पण त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, मोजके भारतीय तरुण इंग्रजांच्या विमानदलात लढाऊ विमानं चालवत होते. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्यांपैकीच एक. ते जून १९१८ मध्ये कामी आले. त्यांचेच दुसरे साथी इंद्रलाल रॉय. त्यांची ही माहिती.

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील प्यारेलाल हे बॅरिस्टर होते. आई ललिता रॉय लंडनमध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्यांपैकी होत्या. इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकले. घरी त्यांना लाडानं लॅडी म्हणत.

शाळेत असतानाच महायुद्ध पेटलं. इंद्रलाल यांना विमानदलात जायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. असं सांगतात, की त्यांनी आपली मोटरसायकल विकली आणि त्या पैशांतून मोठ्या डॉक्टरांकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. या खेपेला ते पास झाले. ५ जुलै १९१७ रोजी ते अधिकारी झाले आणि ऑक्टोबरअखेर फ्रान्समध्ये ५६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले.

त्यांचं विमान एस. ई. ५ ए जातीचं होतं. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पंख वर-खाली दुहेरी, आणि बसायला जागा एकट्याचीच. पुढचं तोंड लांब, त्यामुळे उतरताना समोरची जमीन धड दिसत नसे. चाकांना ब्रेक नव्हते. वैमानिकाला पॅराशूटसुद्धा मिळत नसे. म्हणजे वर जाण्याइतकंच खाली उतरणंही जोखमीचं.

६ डिसेंबर १९१७ रोजी तेच घडलं. उतरताना विमान आदळलं. एकोणिसावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते. इंद्रलाल बेशुद्ध होते. सर्वांना वाटलं, गेले. त्यांना शवागारात नेऊन ठेवलं. काही वेळानं ते शुद्धीवर आले आणि आतून दार ठोठावू लागले, अशी हकिकत सांगतात. बाहेरच्यांची काय गाळण उडाली असेल!

जीव वाचला, पण डॉक्टरांनी उड्डाणाला मनाई केली. आता जमिनीवरचं काम करून सुखानं राहता आलं असतं. पण इंद्रलाल गप्प बसले नाहीत. अंथरुणात असताना ते विमानांची चित्रं काढत राहिले. बरं वाटल्यावर पुन्हा उडू द्या म्हणून वरिष्ठांच्या मागे लागले. अखेर परवानगी मिळाली. १९ जून १९१८ रोजी ते ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. तिथे कॅप्टन मॅकेलरॉय या अनुभवी वैमानिकाच्या हाताखाली ते तयार झाले.

६ ते १९ जुलै या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय लागले. पाच विजय मिळवणाऱ्याला निष्णात लढवय्या मानत. इंद्रलाल यांनी त्याच्या दुप्पट मिळवले. अर्थात, पलीकडच्या विमानांतही कुणाच्या तरी आयांची मुलंच होती. युद्ध हे असंच असतं.

२२ जुलै १९१८ रोजी जर्मन विमानांशी लढताना इंद्रलाल यांचं विमान पेट घेऊन कोसळलं. वयाची वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. फ्रान्समधील एस्तवेल या गावी त्यांची समाधी आहे. मरणोत्तर त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक देण्यात आलं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. १९९८ साली भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

मित्रांनो, दहा विजय हा त्यांचा मोठेपणा आहेच. पण त्याहून मोठं आहे ते अपघातानंतरचं अर्धं वर्ष. आधी डोळ्यांनी अडवलं, मग अपघातानं पाडलं, तरी ते दोन्ही वेळा पुन्हा तपासणीला उभे राहिले. आपणही एखाद्या परीक्षेत मागे पडतो, तेव्हा पाटी फेकून देऊ नये. आणि पालकांनीही पोरगं एकदा पडलं म्हणून त्याची आशा सोडू नये. दार आतून वाजत असेल, तर ते उघडायला बाहेर कुणीतरी हवंच ना!