इतिहासाचार्य राजवाडे

गावोगावच्या वाड्यांतून पूर्वी जुन्या कागदांचे रुमाल माळ्यावर धूळ खात पडलेले असत. काही कागदांना वाळवी लागे, काही पावसाच्या गळतीने कुजत, तर काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी जात. या कागदांत महाराष्ट्राचा इतिहास दडला आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे अग्रगण्य होते.

वाई येथे त्यांना पेशवेकालीन पत्रांचा मोठा संग्रह मिळाला. पानिपतच्या संग्रामापर्यंतची ती पत्रे त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा तो पहिला खंड होय. पुढे असे एकूण २२ खंड निघाले.

राजेलोकांची पत्रे तेवढी घ्यावीत आणि बाकीचे सोडून द्यावे, हा विचार राजवाड्यांना मानवला नाही. वतनाचे तंटे, महजर, निवाडे, वंशावळी, मठांतील पोथ्या, सारे त्यांना हवे असे. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे संस्कृत काव्यही त्यांनी उजेडात आणले. मुलांनो, आज तुम्ही संगणकावर शब्द टाकून माहिती शोधता. थोडी मिळाली तर शब्द बदलून शोध रुंदावता. फार मिळाली तर नको ती गाळता. गाळलेली माहिती तेथे पुन्हा मागता येते. राजवाड्यांनी सोडलेला कागद मात्र उद्या वाळवीच्या पोटात गेला असता. म्हणून ते आधी जमवीत आणि मग पारखीत.

ही पारखही कठोर असे. बखरीतील हकिकत समकालीन पत्रांशी जुळते की नाही, हे ते तिथी-मितीसह तपासून पाहत.

पैठणच्या संत एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पाठांतील अशुद्धे काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. ते कार्य थोरच. परंतु त्यापूर्वीचे पाठ कसे होते, याचा राजवाड्यांना ध्यास लागला. नाथपूर्व वाटलेल्या एका पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी खरोखर तेवढी जुनी होती काय, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. पारख करणाराही चुकू शकतो, आणि राजवाडे आपल्या मताला फार घट्ट धरून राहत.

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली दप्तरे तेथील राजवाडे संशोधन मंडळात जतन करून ठेवली आहेत.