र. धों. कर्वे : कामविषयक अभ्यासातील नीतिविचार

लैंगिक जीवनाचा अभ्यास कोणत्या नैतिक भूमिकेवरून करावा, हा प्रश्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी नोकरी, पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावून मराठीत उपस्थित केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या ज्येष्ठ पुत्राचा जन्म १८८२ चा. गणिताच्या उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसला गेले; परतल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या मतांपायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद त्यांना सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मधील मृत्यूपर्यंत ते चालविले. पत्नी मालतीबाईंची साथ त्यांना लाभली.

कर्व्यांच्या नीतिविचाराचे मर्म या मासिकातील प्रश्नोत्तरांत आढळते. प्रश्नकर्त्याला ते पापी मानीत नाहीत. शरीरविज्ञानाची माहिती स्पष्ट शब्दांत देऊन निर्णय ते त्याच्यावरच सोपवितात. दुसऱ्याला इजा न होणे, ही त्यांची नीतीची कसोटी होय. कामसुखावरील स्त्रीचा हक्क ते याच कसोटीवर मान्य करतात.

या भूमिकेचे वेगळेपण वर्ध्यातील एका भेटीच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्यास महात्मा गांधींना भेटल्या. संततिनियमनाची गरज गांधींना मान्य होती. मात्र त्याचा मार्ग कृत्रिम साधनांचा नव्हे, तर संयमाचा, असे त्यांचे मत होते. कामविषयाची उघड चर्चा गांधींनीही टाळली नाही. तथापि ब्रह्मचर्य हा त्यांचा आदर्श होता, आणि तोच आदर्श सामान्य दांपत्यावर लादणे कर्व्यांना अशास्त्रीय वाटे. 'समाजस्वास्थ्या'तून त्यांनी गांधींच्या या विचारावर सातत्याने टीका केली.

अश्लीलतेच्या आरोपावरून कर्व्यांवर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड चुकला नाही. मासिकाचे लेखन मात्र थांबले नाही.

वाचकांचे हे प्रश्न मुख्यतः साक्षर वर्गाचे असल्याने त्यांवरून अवघ्या मराठी समाजाविषयी निष्कर्ष काढता येणार नाहीत. पण कुणाचा तरी संकोच ओलांडून ते प्रश्न कर्व्यांपर्यंत पोहोचले होते. त्यांचा अभ्यास करताना प्रश्नकर्त्याचा न्यायनिवाडा न करण्याचे कर्व्यांनी पाळलेले पथ्य आजच्या संशोधकावरही बंधनकारक ठरते.