सोन्याविना सजवलेलं कुराण

जुन्या कुराणाच्या हस्तलिखिताचा फोटो कधी झूम करून बघितलाय? नसेल, तर आज बघाच. पहिल्या पानांवर सोनेरी आणि निळ्या नक्षीची चौकट, पण माणसाचं किंवा प्राण्याचं एकही चित्र नाही. आयत संपली की छोटंसं सोनेरी फूल. ते नुसतं दिसायला नाही हं! आयत इथे संपली, हे वाचणाऱ्याला त्यावरून कळतं. अक्षरांच्या वर-खाली जबर, जेर, पेश अशा खुणा असतात. त्यातली एक जरी चुकली तरी उच्चार बदलतो, कधी कधी अर्थही. एवढ्या सजावटीच्या आत एक साधा आग्रह आहे: नीट वाचा.

सोन्याचा कणही न वापरता हा आग्रह पाळणारा एक मराठी माणूस पवनारला राहायचा. विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा.

1895मध्ये कोकणातल्या गागोद्याला त्यांचा जन्म झाला. 1916मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघालेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. शाळेची सर्टिफिकेटं त्याआधीच चुलीत गेली होती! त्याच वर्षी ते गांधीजींना भेटले, 1921मध्ये वर्ध्याला आले आणि 1938मध्ये तब्येत ढासळल्यावर धाम नदीकाठी पवनारला. 1940चे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून तुम्ही त्यांचं नाव पुस्तकात वाचलं असेल. पण डिग्री सोडणाऱ्या या माणसानं अभ्यास कधीच सोडला नाही.

आईला संस्कृत येत नव्हतं, म्हणून त्यांनी गीता मराठीत आणली. तीच ‘गीताई’. मुसलमान शेजाऱ्यांचं मन समजून घ्यायचं तर त्यांचा ग्रंथ मुळातून वाचायला हवा, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ते अरबी शिकायला बसले. लिपी, खुणा, उच्चार, सगळं अगदी पहिल्यापासून. पुढे गांधीजींनी त्यांना मौलाना आझादांसमोर कुराण म्हणायला लावलं, तेव्हा त्यांचे उच्चार ऐकून मौलाना चकित झाले.

फाळणीनंतर उखडल्या गेलेल्या मेवाती मुसलमानांना पुन्हा वसवायच्या कामात विनोबा होते. 1951पासून भूदानासाठी ते पायी फिरत राहिले. आणि 1962मध्ये ‘कुराण-सार’ आलं: निवडक आयती, विषयवार लावलेल्या. पुस्तक हातात पडण्याआधीच पाकिस्तानात टीका सुरू झाली. एका हिंदूनं कुराणातून निवड करायची? आक्षेप समजण्यासारखा होता. कुणाच्याही पवित्र ग्रंथाला हात लावणं सोपं नसतंच. विनोबा मात्र त्याच सप्टेंबरमध्ये पूर्व पाकिस्तानातून पायी चालत गेले. तिथेही त्यांनी जमीन मागितली आणि ती मिळालीही.

15 नोव्हेंबर 1982 रोजी, अन्न-औषध थांबवून, त्यांनी पवनारलाच देह ठेवला.

आता जरा स्वतःकडे बघा. दुसऱ्याच्या धर्मावर मत ठोकायला आपल्याला एक फॉरवर्ड पुरतो. विनोबांनी आधी लिपी गिरवली, मग उच्चार घोटले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी पुस्तक काढलं. अरबी शिकणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी कोणता ग्रंथ वाचतात, तो कसा वाचतात, एवढं तर विचारता येईल ना?