शपथेस जागलेला सेवक : डाग हामरशोल्ड

राज्यकारभाराच्या गुंतागुंतीत पडून मनुष्यास आपला विश्वास निर्मळ राखता येईल काय, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा निघतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्रच वाचकांपुढे ठेवावे, हे आम्हास अधिक बरे वाटते.

डाग हामरशोल्ड यांचा जन्म स्वीडन देशातील यनशपिंग या गावी २९ जुलै १९०५ रोजी झाला. त्यांचे वडील याल्मार हे नामांकित कायदेपंडित असून १९१४ पासून १९१७ पर्यंत त्या देशाचे मुख्य प्रधान होते. राष्ट्राराष्ट्रांतील तंटे तलवारीने न तोडता लवादाने तोडावे, यासाठी हेग येथे जे न्यायालय स्थापन झाले होते त्याचेही ते सभासद होते. आई आग्नेस मोठी भाविक व दयाळू स्त्री होती. उप्साला शहरात हे कुटुंब राहत असता तेथील आर्चबिशप नाथान सोडरब्लोम यांच्याशी त्यांचा घरोबा होता. याप्रमाणे बापाकडून कायद्याविषयी आदर व आईकडून देवाचे भय, असा दुहेरी वारसा या मुलास लाभला.

अर्थशास्त्र व कायदा यांचे अध्ययन करून ते सरकारी नोकरीत शिरले व थोड्याच वर्षांत मोठ्या हुद्द्यास चढले. त्यांनी लग्न केले नाही. एप्रिल १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसपदी त्यांची निवड झाली. या जागेवर येणाऱ्यास अशी शपथ घ्यावी लागते की, कोणत्याही एका सरकारची आज्ञा न मानता आपण सर्व राष्ट्रांची सेवा करू. ही शपथ पुष्कळांनी तोंडाने घेतली असती. हामरशोल्ड यांनी ती अंतःकरणाने घेतली. चीनच्या तुरुंगात पडलेल्या अकरा अमेरिकन विमानसैनिकांसाठी जानेवारी १९५५ मध्ये ते स्वतः पेकिंगला गेले, आणि त्या ऑगस्टात ते लोक सुटले. १९५६ साली सुवेझच्या कालव्यावरून युद्ध पेटले, तेव्हा अनेक राष्ट्रांचे शिपाई एकत्र करून शांतता राखणारी पहिली फौज त्यांनीच उभी केली. तीत आपल्या भारताचेही शिपाई होते.

परंतु त्यांची खरी कसोटी आफ्रिकेतील काँगो देशात झाली. ३० जून १९६० रोजी हा अफाट देश बेल्जियमच्या सत्तेतून मुक्त झाला. बेल्जियन लोकांनी तेथे रस्ते व खाणी केल्या होत्या, पण देशी लोकांस उच्च विद्या दिली नव्हती. सबंध देशात विद्यापीठाची पदवी घेतलेले लोक वीसदेखील नव्हते, आणि न्यायासनावर बसणारे सर्व युरोपीय होते. आठवडा लोटतो न लोटतो तोच सैन्याने बंड केले, युरोपीय अधिकारी व न्यायाधीश पळाले, आणि खाणींनी संपन्न असा कटांगा प्रांत फुटून निघाला. वाचकहो, ज्या गावी चोरास धरणारा नाही, तंटा ऐकणारा नाही व निकाल देणारा नाही, तेथे गरिबाची काय दशा होईल याची कल्पना आपणच करावी. सारा काँगो देश तशा गावासारखा झाला होता.

काँगोच्या सरकाराने मदत मागितली, व १४ जुलै रोजी सुरक्षा समितीने ती देण्याचे ठरविले. हामरशोल्ड यांनी काही दिवसांतच निरनिराळ्या देशांचे शिपाई तेथे पोहोचविले. पण बंदुकीने फार तर दंगा थांबतो, न्याय उभा राहत नाही, हे ते ओळखून होते. म्हणून शिपायांमागोमाग डॉक्टर, शिक्षक, पोलिसांस शिकविणारे व परदेशांतून मिळविलेले न्यायाधीशही गेले. आणि १९६१ साली काँगोच्या तरुणांस कायदा व कारभार शिकविणारी शाळा राजधानीत निघाली. ऑगस्ट १९६१ मध्ये तेथील पार्लमेंट राष्ट्रसंघाच्या पहाऱ्याखाली भरून नवे सरकार कायदेशीर रीतीने नेमले गेले.

या कामात अपयश आले नाही असे आम्ही म्हणत नाही. बडतर्फ झालेले मुख्य प्रधान लुमुंबा हे राष्ट्रसंघाचा पहारा असलेल्या घरातून निघून गेले असता शत्रूंच्या हाती सापडले, व १७ जानेवारी १९६१ रोजी कोणताही न्याय न होता कटांगात ठार मारले गेले. राष्ट्रसंघाचे हजारो शिपाई देशात असून त्यांचा प्राण वाचला नाही. याबद्दल हामरशोल्ड यांस कठोर बोल ऐकावे लागले. त्यापूर्वीच रशियाच्या पुढाऱ्यांनी त्यांचा राजीनामा मागितला होता. इतर बलाढ्य राष्ट्रेही सदा प्रसन्न होती असे नाही. लहान व दुबळ्या राष्ट्रांस या संस्थेवाचून दुसरा आसरा नाही, हे जाणून ते आपल्या जागेवर राहिले.

सप्टेंबरात कटांगात लढाई जुंपली. ती थांबवावी म्हणून तेथील पुढारी चोंबे यांची भेट घेण्यास ते विमानाने निघाले. १७ सप्टेंबर १९६१ च्या रात्री, आज झांबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातील न्डोला गावाजवळ ते विमान अरण्यात कोसळले, व हामरशोल्ड गेले. तो अपघात की घात, याचा निर्णय अनेक चौकशा होऊनही झालेला नाही. काँगोतील त्यांच्या खोलीत ख्रिस्ताच्या अनुकरणाविषयी थॉमस आ केम्पिस यांचा जुना ग्रंथ सापडला. त्यात खुणेसाठी ठेवलेल्या कागदावर त्यांच्या पदाची शपथ लिहिलेली होती. त्याच वर्षी त्यांस मरणोत्तर नोबेल शांतता पारितोषिक देण्यात आले. पुढे त्यांची खाजगी टिपणवही छापून निघाली, तेव्हा हा अबोल अधिकारी रोज देवापुढे आपले अंतःकरण तपासीत होता हे जगास कळले.

जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे बंड मोडले, तरी काँगोचे दुःख संपले नाही. १९६५ साली मोबुटू यांनी सत्ता बळकाविली व ती १९९७ पर्यंत धरली. त्यानंतर आणखी युद्धे झाली. तथापि पेरलेले बी अगदीच वाया गेले नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ साली आपला पहिला निकाल दिला, तो काँगोतील लहान मुलांस सैनिक करणाऱ्या एका सेनानायकाविरुद्ध होता. बलवानासही जाब द्यावा लागतो, हे त्या देशातील अनाथांनी निदान एकदा तरी पाहिले.

प्रिय उपदेशकहो व बंधुभगिनींनो, आपणास राष्ट्रांचा कारभार सोपविलेला नाही. पण मंडळीत तंटा निघाला म्हणजे आपणच पंच म्हणून बसतो. तेथे भाऊबंदाची बाजू न घेणे, श्रीमंताचे तोंड न पाहणे, व विधवेचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकणे, हीच आपली शपथ होय. ती पाळताना दोन्ही पक्ष रागावले तरी जागेवरून हलू नये, इतका धडा आम्ही या चरित्रातून घेतला तर ते वाचणे सार्थकी लागेल. देव आपणास तसे करण्याची कृपा देवो.